बाटलीवरचं बारीक अक्षर

छत्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं म्हणा ना. निवृत्तीनंतरही ओळखीतलं कुणी स्मरणिका, पुस्तिका असं काहीबाही आणून देतं आणि मी लाल पेन घेऊन बसतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तिकेत माझ्या नजरेतून अकरा अनुस्वार सुटले. एखाददुसरा सुटतो, तो सगळ्यांचाच सुटतो. पण अकरा! छापून आल्यावर लेखक एका शब्दानं बोलला नाही, ते जास्त लागलं.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी धरून चाललो. संध्याकाळी वाचायला पूर्वी एक दिवा पुरायचा, आता दोन लागत होते. उजेडातून अंधाऱ्या खोलीत शिरलं की डोळे सरावायला फार वेळ घ्यायचे. जिन्यातला दिवा गेलेला असला की मी कठडा धरून उभाच, आणि बायको तोवर खाली पोचून वर बघत थांबलेली. वय ६५. मोतीबिंदू सुरू झाला असेल, यापलीकडे विचार करायची माझी तयारी नव्हती.

तयारी नव्हती त्याला कारण होतं. माझ्या वडिलांना शेवटची सात-आठ वर्षं समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नसे. कडेचं सगळं दिसायचं. घरात न अडखळता फिरायचे, खाली पडलेलं नाणं उचलायचे, पण वर्तमानपत्र समोर धरलं की मधोमध करडा डाग. म्हातारपण म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. त्या डागाचं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायची हिंमत होत नव्हती.

मग मी काय केलं, तर गोळ्या सुरू केल्या. डोळ्यांची तक्रार चारचौघांत काढून बघा, प्रत्येकाकडे एक बाटली निघते. एका मित्रानं बिलबेरी नावाच्या फळाच्या गोळ्या सुचवल्या. मुलीनं ‘डोळ्यांसाठी खास’ असं लिहिलेली मोठी बाटली पाठवली. मल्टिव्हिटॅमिन आधीपासून चालूच होतं आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मी माझ्या अकलेनं आणल्या. चार महिने हा सगळा जामानिमा रोज पोटात जात होता. डोळ्यांत काडीचा फरक नाही, पण आपण काहीतरी करतोय याचं समाधान भरपूर. त्या समाधानाच्या जोरावर मी तपासणी चार महिने लांबवली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

शेवटी मुलीनंच वेळ घेतली. फोनवर बजावलं, “बाबा, जे जे घेताय ते सगळं पिशवीत घालून न्या. नावं पाठ सांगू नका.”

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर अर्ध्या तासानं जवळचं सगळं पुसट झालं. वेळ जावा म्हणून पुस्तक नेलं होतं, ते मांडीवर नुसतं धरून बसलो. थेंब घालून घेणाऱ्यानं सोबत माणूस न्यावं, पुस्तक नेऊ नये. नंतर ओसीटी नावाचा स्कॅन झाला. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघत राहायचं, बस. डोळ्याला काही लागत नाही, की दुखत नाही. प्रकाशाच्या किरणांनी दृष्टिपटलाचा आडवा छेद घेतात. पडद्यावर तो छेद उमटला तेव्हा मला बाजूनं पाहिलेलं जाड पुस्तक आठवलं: एकावर एक थर, सगळे समांतर. फक्त अगदी तळच्या पानांखाली कुणी खडे सरकवावेत तसे चार-पाच उंचवटे होते.

“काका, मोतीबिंदू आहे, पण किरकोळ,” डॉक्टर म्हणाल्या. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. “मला बोलायचंय ते या उंचवट्यांबद्दल.”

त्यांना ड्रुसेन म्हणतात. दृष्टिपटलाच्या खाली साचत जाणारा पिवळट गाळ. लहानसे ठिपके वयानं बऱ्याच जणांना होतात आणि त्यांचं कुणी फार मनावर घेत नाही. पण १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की प्रकरण मध्यम टप्प्याचं धरतात. वाचायला, चेहरे ओळखायला लागणारी बारीक नजर दृष्टिपटलाच्या मध्यावर असते, त्या जागेला पीतबिंदू म्हणतात, आणि वयाबरोबर तो झिजण्याच्या या आजाराला एएमडी. माझ्या उजव्या डोळ्यात मोठे ड्रुसेन होते, डाव्यात थोडे लहान. वडिलांच्या डागाला नाव मिळालं.

मी अनुस्वारांचं विचारलं. त्या हसल्या. “त्याचा सगळा दोष ड्रुसेनवर नका टाकू. चष्मा जुना आहे, थोडा मोतीबिंदू आहे, आणि संध्याकाळी कमी उजेडात वाचता.” म्हणजे ज्या तक्रारीसाठी गेलो तिचं कारण बहुतेक वेगळं होतं, आणि जे सापडलं त्याची मला धड तक्रारच नव्हती. बाहुली मोठी करून कुणी आत बघितलं नसतं तर हे कळण्याचा मार्ग नव्हता.

मग पिशवी टेबलावर रिकामी झाली.

त्यांनी बाटल्यांकडे बघायच्या आधी विचारलं, “सिगारेट?”

“सोडून सोळा वर्षं झाली.”

“त्याआधी?”

“पंचवीसेक वर्षं.”

मुलीनं पाठवलेली मोठी बाटली त्यांनी उचलली, मागची बाजू वाचली आणि वेगळी ठेवली. तीत बीटा-कॅरोटीन होतं. गाजराला रंग देणारं, शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते. इतकं निरुपद्रवी नाव, पण १९९४ साली फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या एका मोठ्या अभ्यासात त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला निघाला. १९९६ मध्ये अमेरिकेतला तसाच दुसरा अभ्यास याच कारणानं मुदतीआधी थांबवावा लागला. मी सोळा वर्षांपूर्वी सोडली या भरवशावर होतो. पण डोळ्यांच्याच गोळ्यांचा २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला, आणि ज्यांना झाला त्यांतले बहुतेक जण सिगारेट सोडलेलेच होते. “चार महिने घेतली म्हणून घाबरून जाऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या, “पण ही आजपासून बंद.” घरी आल्यावर मुलीला हे कसं सांगावं, याचा मला गोळ्यांपेक्षा जास्त विचार पडला. तिनं प्रेमानं पाठवलेली होती.

बिलबेरीला या आजारात भक्कम पुरावा नाही म्हणून ती गेली. माशाच्या तेलाची परीक्षा त्या २०१३ च्या अभ्यासात झाली होती, एएमडीच्या बाबतीत त्यानं काही भर पडली नाही. तेही गेलं. मल्टिव्हिटॅमिन तूर्त राहिलं, एका अटीवर. ती अट पुढे सांगतो.

कागदावर त्यांनी सहा ओळी लिहून दिल्या. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम. ई जीवनसत्त्व ४०० युनिट. ल्युटीन १० मिलिग्रॅम, झिॲक्झँथिन २. झिंक ८०. तांबं २. हे रोजचं प्रमाण. यातला एकही आकडा कुणाच्या मनचा नाही. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं ‘एरेड्स’ नावाचा अभ्यास केला, त्याचा निकाल २००१ मध्ये आला. त्यातल्या मिश्रणात ल्युटीनच्या जागी बीटा-कॅरोटीन होतं, १५ मिलिग्रॅम. दुसऱ्या अभ्यासात, म्हणजे २०१३ च्या ‘एरेड्स-२’मध्ये, ल्युटीन आणि झिॲक्झँथिन ही त्याची जागा सुरक्षितपणे घेऊ शकतात असं ठरलं. हे दोन्ही रंग मुळात पीतबिंदूतच असतात, निळा प्रकाश शोषतात आणि शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून मिळतात. पण झिंक ८० मिलिग्रॅम जेवणातून मिळवायचं म्हटलं तर साधणार नाही. म्हणून गोळी.

तांबं कशाला, हे मी विचारलं. एवढं झिंक रोज पोटात गेलं की शरीर तांबं शोषून घेईनासं होतं, आणि तांबं कमी पडलं की रक्तक्षय होऊ शकतो. ते टाळायला सोबत तांबं. मला हे फार आवडलं. तांबं म्हणजे झिंकचं शुद्धिपत्र, आणि तेसुद्धा मूळ प्रतीबरोबरच बांधलेलं.

त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. या गोळ्यांनी नजर सुधारत नाही. ड्रुसेन जात नाहीत. मोतीबिंदूलाही त्यांचा उपयोग त्या अभ्यासात दिसला नाही. आजार मध्यम टप्प्यावर असेल, किंवा एका डोळ्यात पुढे गेलेला असेल, तर तो आणखी पुढे सरकण्याची शक्यता कमी होते, एवढंच. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात किंवा धडधाकट डोळ्यांना फायदा आढळलेला नाही.

यानंतरचे आठ दिवस मात्र माझ्या धंद्यातले होते. सहा ओळींचा कागद हातात आणि समोर बाटल्यांची लेबलं. भिंग घेऊन बसलो. आयुष्यात इतकं चलाख गद्य मी तपासलेलं नाही. पहिल्या बाटलीवर १० मिलिग्रॅम ल्युटीन, छान. खाली बारीक अक्षरात: हे प्रमाण दोन कॅप्सूलचं. म्हणजे बाटली महिनाभर पुरणार वाटते ती पंधरा दिवसांत संपणार, आणि एकच घेणारा अर्ध्या मात्रेवर वर्षभर निर्धास्त राहणार. दुसरीवर ई जीवनसत्त्व ‘१८० मिलिग्रॅम’. माझ्या कागदावर तर ४०० युनिट. चूक समजून बाजूला ठेवणार होतो, मग कळलं की कृत्रिम ई जीवनसत्त्वाचे ४०० युनिट म्हणजेच १८० मिलिग्रॅम, आणि नैसर्गिक असेल तर तेच ४०० युनिट २६८ मिलिग्रॅम भरतात. तिसरीवर झिंकचं संयुग लिहिलं होतं, पण आकडा संयुगाचा की त्यातल्या नुसत्या झिंकचा, हे काही लिहिलेलं नव्हतं. ती नापास.

सगळ्यात मजा शब्दांची. एकीवर ‘एरेड्स-२ संशोधनावर आधारित’. आता ‘आधारित’ या शब्दावर माझं आयुष्य गेलंय. कथेवर आधारित म्हणजे कथा नव्हे, हे कुणीही सांगेल. मागे बघितलं तर ल्युटीन बरोबर, झिंक ५ मिलिग्रॅम आणि तांबं गायब. दुसरीवर ‘डोळ्यांच्या आरोग्यास साहाय्यक’. कोणत्या डोळ्यांच्या, कोणत्या आजारात, किती, यातलं एकही अक्षर नाही, म्हणून खोटं ठरायचीही सोय नाही. सहाच्या सहा ओळी जुळणारी बाटली शेवटी सापडली. तिच्यावरचं वेष्टण सगळ्यांत कंटाळवाणं होतं.

आता ती मल्टिव्हिटॅमिनची अट. त्यातही झिंक होतंच. प्रौढ माणसासाठी झिंकची रोजची वरची मर्यादा साधारण ४० मिलिग्रॅम धरतात, आणि माझी गोळी एकटीच तिच्या दुप्पट. म्हणून तर ही गोळी डॉक्टरला विचारून घ्यायची आहे. तिच्यावर आणखी झिंकची भर नको, म्हणून बिनझिंकचं मल्टिव्हिटॅमिन मिळेना तेव्हा ते बंदच केलं.

पहिल्या दिवशी गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली. वीस मिनिटांत पोटात ढवळून आलं आणि तोंडात धातूसारखी चव. झिंकचा हा स्वभावच. भरल्या पोटी घ्यायला लागलो तेव्हा बरं वाटलं. ल्युटीनलाही जेवणातल्या स्निग्ध पदार्थांची सोबत लागते, म्हणजे जेवणानंतरचीच वेळ दोघांना सोयीची. तरी महिनाभर अधूनमधून मळमळत होतं. शिवाय झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण पहिल्या अभ्यासात थोडं जास्त होतं, आणि प्रोस्टेटचं माझं रडगाणं जुनं. डॉक्टरांनी मग २५ मिलिग्रॅम झिंकवाली गोळी दिली. दुसऱ्या अभ्यासात ८० आणि २५ यांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. २५ चा पुरावा ८० इतका भक्कम नाही हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं. मध्यंतरी एका जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना मी आपणहून या गोळीचं सांगितलं. काही अँटिबायोटिक्स झिंकबरोबर घेतली तर पोटातच अडकून बसतात, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. मी सांगितलं नसतं तर कुणी विचारलं नसतं. जीवनसत्त्वाला औषध म्हणून कोण मोजतं?

घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. “अहो, एका बाटलीत दोघांचं भागेल की,” बायको म्हणाली. “मलाही हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही.” आमच्याकडे सर्दीचं औषधसुद्धा एकातून दोघं घेतात, तेव्हा मला यात गैर काही वाटलं नाही. नशीब, पुढच्या तपासणीला ती सोबत होती. डॉक्टरांनी तिचेही डोळे बघितले. पीतबिंदू स्वच्छ, दोरा ओवायला फक्त चष्मा हवा. मग विचारलं, “काकू, तुम्हाला दुसरं काही चालू आहे?” रक्त पातळ ठेवण्याची गोळी तिला कित्येक वर्षं चालू आहे. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतलं तर त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. फायदा शून्य आणि वर ही जोखीम. बाटलीवर मी त्याच दिवशी लाल पेनानं माझं नाव घातलं.

गोळ्यांबरोबर एक चौकट मिळाली होती. ॲम्सलर ग्रिड. आखलेल्या वहीच्या पानासारखी उभ्या-आडव्या रेघांची जाळी, मधोमध एक ठिपका. रोज एक डोळा झाकून दुसऱ्यानं ठिपक्याकडे बघायचं, मग उलट. रेघा वाकड्या दिसल्या, एखादा चौकोन पुसल्यासारखा वाटला, की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कोरड्या एएमडीचा ओला झाला, म्हणजे दृष्टिपटलाखाली नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवून झिरपू लागल्या, की रेघा अशा वाकतात. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं असतात, आणि ती जितक्या लवकर मिळतील तितकी नजर वाचते. गोळी तिथं कामाची नाही. मी ती चौकट आरशाशेजारी चिकटवली. रोज सकाळी दाढीच्या आधी ठिपका बघायचा. उरलेले अनुस्वार हुडकायची शिक्षा, असं ही म्हणते.

नवव्या महिन्यात एका सकाळी उजव्या डोळ्याला खालच्या रेघा पोट सुटल्यासारख्या दिसल्या. वडिलांचा करडा डाग डोळ्यांपुढे उभा राहिला. हात थरथरत होते. न ठरवता दवाखान्यात जाऊन बसलो. पुन्हा थेंब, पुन्हा स्कॅन. आत पाणी नव्हतं, सगळं होतं तसंच. आदल्याच आठवड्यात प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा घेतला होता आणि मी मान तिरकी करून भिंगाच्या कडेतून बघत होतो. भिंगाची कड रेघा वाकवते. वाचायचा भाग समोर ठेवून बघितलं, रेघा सरळ. मी ओशाळलो. डॉक्टर म्हणाल्या, “दहा वेळा उगाच आलात तरी चालेल, काका. एकदा यायचं राहिलं तर चालणार नाही.”

आता तिसरं वर्ष संपत आलंय. स्कॅनमधले उंचवटे जवळपास तेवढेच आहेत. भेटणारे विचारतात, “मग गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या?” मी त्यांना गणित सांगतो. माझ्यासारखी, किंवा एका डोळ्यात आजार बळावलेली, शंभर माणसं घ्या. गोळी न घेता पाच वर्षांत त्यांतल्या २८ जणांचा आजार शेवटच्या टप्प्यावर जातो. गोळ्या घेतल्या तर २० जणांचा. म्हणजे ७२ जण तसेही बरे राहणार होते, २० जण गोळ्या घेऊनही जाणार होते, आणि मधल्या आठांसाठी सगळ्या शंभरांनी रोज गोळी घ्यायची. मी त्या बहात्तरांत आहे की आठांत, हे स्कॅनला कळत नाही आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही. विसांत असेन तर अजून दोन वर्षं आहेत. ऐकणारा हिरमुसतो. त्याला हो किंवा नाही हवं असतं. मला मात्र हे फारसं परकं वाटत नाही. मुद्रित नीट तपासलं गेलंय हे वाचकाला कधी कळलंय?

मागच्या आठवड्यात मुलीनं नवीन बाटली पाठवली. मी घेतो तीच कंपनी, तेच वेष्टण, फक्त ‘एरेड्स’पुढचा ‘२’ नव्हता. तिला वाटलं, छपाईत राहिला असेल. मी खिडकीपाशी जाऊन भिंग लावलं. मागच्या बाजूला पहिल्या ओळीत क जीवनसत्त्व, दुसऱ्या ओळीत ई, आणि तिसऱ्या ओळीत ल्युटीनच्या जागी बीटा-कॅरोटीन, १५ मिलिग्रॅम. सील न तोडता बाटली तशीच कपाटावर ठेवली आहे. रविवारी ती येईल तेव्हा भिंग तिच्याच हातात देणार आहे.